भ्यालेला आवाज

रोदिओननं तोंड उघडलं आणि भलत्याच माणसाचा आवाज बाहेर आला. रिम्मा पाव्लोव्ना माइकसमोर उभी होती, एक पाय किंचित पुढं, हात मागं बांधलेले, पूर्वी उभी राहायची तश्शी. आणि समोर पडद्यावर तिचा नवरा, जाऊन आठ वर्षं झालेला, दारात उभा राहून टोपी काढत होता. टोपी काढल्यावर केसांवरून उलटा हात फिरवायची खोड त्याचीच. थंडीनं फुटलेला खालचा ओठ त्याचाच. ‘पोल्या, मी आलोय,’ असं त्याचे ओठ म्हणाले, आणि कानात आला तो भरदार, गोल, सणाच्या दिवशी रेडिओवर शुभेच्छा देतात तसला आवाज. तिला वाटलं, यंत्र चुकलं. पण तो फेरा होता. फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून फिरता ठेवलेला, म्हणजे नटाला पुन्हा पुन्हा बघून ओठांवर शब्द बसवता यावेत. त्यामुळं रोदिओन बोलून संपतोय न संपतोय तोच पुन्हा दारात हजर. पुन्हा टोपी, पुन्हा उलटा हात, पुन्हा तो तुपाळ आवाज. तिसऱ्या वेळी तिनं कानांवरचे फोन काढले आणि माइकखालच्या स्टुलावर ठेवले.

“काय झालं, रिम्मा पाव्लोव्ना?” काचेआडून नेल्लीनं विचारलं. ध्वनी सांभाळणारी ही पोरगी तिशीची, तोंडात सतत काहीतरी चघळत असायची. “जागा चुकली का? होतं हो सुरुवातीला. इतक्या वर्षांनी उभ्या राहताय.”

“अगं बाई, हा कोण बोलतोय?”

“मॉस्कोचे आहेत. मागच्या आठवड्यात येऊन सगळं बोलून गेले. काय आवाज आहे ना!” मग तिचं चघळणं थांबलं. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“काय सांगायचं?”

“रोदिओन किरीलिचचा आवाज काढायचाय. सगळ्या सिनेमातून. वेनियामिन अब्रामिचनं सांगितलंय.”

“काढायचा म्हणजे? आवाजाची पट्टी खराब झालीय?”

“छे! पट्टी झकास आहे. आता मला नका विचारू बाई, मी बटणं दाबते. तुम्ही दोघं तेव्हा एकाच माइकवर बोलला होतात ना, एकाच पट्टीवर. त्यांना काढायचं म्हटलं की तुम्हीपण निघता. म्हणून तुमचं पुन्हा घ्यायचंय.” नेल्लीला आपण काय बोलून बसलो ते उशिरानं कळलं असावं, ती घाईघाईनं म्हणाली, “वेनियामिन अब्रामिच खाली जेवायला गेलेत. येतीलच. बसा ना तुम्ही, पाय दुखतील.”

रिम्मा बसली. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसली आणि मग लक्षात आलं की पडदा अजून चालूच आहे, नेल्ली फेरा थांबवायला विसरलीय. आवाज बंद होता. रोदिओन मुक्यानं येत होता, टोपी काढत होता, काहीतरी विचारत होता. ती बघत राहिली. चार दिवसांपूर्वी स्टुडिओतून फोन आला होता, तुमचा ‘तेरेबिनो’ सिनेमा फळीवरून खाली येतोय, तुमचा थोडा आवाज पुन्हा घ्यावा लागेल, ध्वनीची अडचण आहे म्हणून. तेव्हा तिला काय झालं होतं ते तिलाच ठाऊक. बंदी घालून फळीवर टाकलेले सिनेमे आता एकेक करून बाहेर काढताहेत हे ती पेपरात वाचत होती, बायका दुकानाच्या रांगेत सुद्धा तेच बोलत होत्या. पण आपला नंबर लागेल असं तिनं मनातसुद्धा येऊ दिलं नव्हतं. सिनेमाचं तिला फारसं काही नव्हतं, खरं सांगायचं तर. तिला आवाज ऐकायचा होता. रोदिओन गेला तेव्हा त्याचे फोटो राहिले, कोट राहिला, मुलांच्या नाटकात त्यानं वर्षानुवर्षं घातलेलं लांडग्याचं शेपूट राहिलं, आवाज तेवढा राहिला नाही. घरात टेपरेकॉर्डर कधी आलाच नाही. रेडिओवर तो गोष्टी सांगायचा, त्या टेपांवर नंतर दुसरं काही भरलं गेलं. ती विचारून आली होती. पहिली दोन वर्षं तो आवाज तिला आठवायचा, स्वयंपाकघरात भांडी घासताना पाठीमागून आल्यासारखा वाटायचा. मग हळूहळू शब्द उरले आणि आवाज गेला. ‘रिमुल्या, माझे मोजे कुठायत?’ हे वाक्य आठवायचं, पण ते तिच्याच मनातल्या आवाजात. किती प्रयत्न करावेत? डोळे मिटून, कान दाबून, सगळं करून झालं. आणि आज सकाळी ती निळा स्वेटर घालून, केस वळवून निघाली तेव्हा मुलगी, तास्या, दारात उभी राहून हसली होती: “आई, तू काय प्रियकराला भेटायला चाललीयस?” ती म्हणाली होती, “मग काय तर!” आणि ट्राममध्ये बसून येताना, बर्फाच्या चिखलातून शहर सरकताना, सत्तेचाळीस वर्षांची ही बाई मनातल्या मनात खरंच नटली होती. आता त्या स्वेटरची तिला लाज वाटायला लागली.

पडद्यावर दार उघडत होतं. ते दार उस्तिन्याआजीचं, ज्या म्हातारीच्या घरी चित्रीकरण झालं तिचं. ते घर, ती चूल, खिडकीतलं ते कोबीचं खुजं पिंप, काहीच सेटवरचं नव्हतं. प्स्कोवच्या बाजूला, दलदलीच्या काठी खरोखरचं गाव शोधून दिग्दर्शक शेंकमाननं सगळ्यांना जानेवारीत तिथं नेऊन टाकलं होतं. वेनियामिन अब्रामोविच शेंकमान तेव्हा पस्तिशीचा, बारीक, सतत खोकणारा, हातमोजे हमखास हरवणारा. दिवसभर तो ओरडायचा आणि संध्याकाळी सगळ्यांची माफी मागत फिरायचा. पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणं कॅमेऱ्याच्या तिपाईवर बशी फोडली, प्रत्येकानं तुकडा उचलला, आणि रोदिओननं आपल्या तुकड्यानं तिथल्या तिथं बोट कापून घेतलं. ‘रक्त सांडलं, सिनेमा चालणार!’ शेंकमान ओरडला होता. तो आणि रोदिओन एकाच संस्थेत शिकलेले, एकाच खोलीत राहिलेले. रिम्मा लग्न करून आली तेव्हा तिला वाटायचं, आपण दोन माणसांशी लग्न केलंय की काय. रात्री जेवताना हे दोघं एका ताटातले बटाटे दोन्ही बाजूंनी खात खात मधोमध यायचे आणि शेवटच्यावरून भांडायचे. बाकी काही नको होतं तेव्हा. झोपायला गवताच्या गाद्या, तोंड धुवायला बर्फ, आणि रिम्माला आजही वाटतं, तितक्या उबेत ती परत कधी झोपली नाही.

सिनेमात रोदिओन येगोर होता. जर्मनांनी गाव घेतल्यावर त्यांचा पोलीस झालेला, दंडाला पांढरी पट्टी बांधून फिरणारा. मळणीच्या कोठारात लपवलेले जखमी सैनिक भीतीपोटी त्यांना दाखवून देणारा. त्या जखमींत त्याच्या बहिणीचा, पोल्याचा, नवराही होता. पोल्या म्हणजे रिम्मा. पुढं येगोर जर्मनांकडून पळतो, कुठं जागा नाही म्हणून बहिणीच्याच दारात येतो, आणि शेवटी आपल्या लोकांना दलदलीतून वाट दाखवता दाखवता स्वतः बुडतो. एवढंच होतं त्या सिनेमात. पण गावाला ते सिनेमा वाटेना. पहिल्याच आठवड्यात रोदिओन थंडीनं काकडत, पट्टी सोडायचीही विसरून, उस्तिन्याआजीच्या घरात शिरला. आजीच्या हातातली पळी खाली पडली. तिनं त्याचा सुपाचा वाडगा उचलला आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्टी नव्हती तरी वाडगा पायरीवरच. रिम्मानं चुलीपाशी बसून समजूत घालून पाहिली. “आजी, तो नट आहे हो. माझा नवरा आहे. चांगला आहे.” आजी कणीक मळता मळता म्हणाली, “मला काय कळत नाय होय गं? नट हाय, म्हाईत हाय. पन ती पट्टी बांधताना त्याचा हात आखडला नाय? एकदाबी नाय?” आजीच्या घरातलं कुणीतरी अशाच एका पट्टीवाल्यानं दाखवून दिलं होतं, एवढं नंतर शेजारणीकडून कळलं, कोण, ते आजी शेवटपर्यंत बोलली नाही. रोदिओन आठवडाभर पायरीवर बसून सूप प्यायला. पहिले दोन दिवस त्यानं त्या वाडग्याची थट्टा केली, मग थट्टा बंद झाली. आणि मग दलदलीवरचा बर्फ त्याच्या पायाखाली खरोखरच फुटला. त्याला ओढून काढलं, निळा पडला होता, दात वाजत होते. तो त्या दारात येऊन उभा राहिला आणि आत यायला धजेना. ओलाचिंब, पायरीपाशी. “आत येऊ?” असं विचारलं त्यानं. आजीनं मागं वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, “दार लाव. हात धू.” कोपऱ्यात शेंकमान बसला होता, त्यानं मांडीवर अशी थाप मारली की त्याचा चहा सांडला. पोल्याचं तोवर पानभर भाषण होतं, भावाला जाब विचारणारं. त्याच संध्याकाळी ते गेलं, आणि राहिले आजीचे चार शब्द.

आणि मग हीच खोली. शरद ऋतू, खिडक्या नाहीत, हीटर जेमतेम चालणारा, आणि तिला सातवा महिना. माइक एकच चांगला होता, म्हणून दोघं एकाच माइकवर. तिचं पोट मध्ये यायचं म्हणून ती तिरकी उभी राहायची आणि रोदिओन तिच्या खांद्यामागून बोलायचा, त्याचा श्वास तिच्या मानेवर. ‘आत येऊ?’ तो म्हणायचा आणि तिच्या पोटात तास्या लाथ मारायची. तेव्हा रोज घरी जाताना दोघं पुलावर थांबून गरम कोबीची पाव-कचोरी विकत घ्यायचे, तो सारण तिला द्यायचा आणि कडा आपण खायचा. तो सगळा काळ तिच्या मनात इतका उजेडाचा कसा काय राहिलाय हे तिला कळत नसे. लेनिनग्राडच्या ऑक्टोबरात कुठला आलाय उजेड?

सिनेमा मंजूर करायला वरून माणसं आली, पाहिला, दिवे लागले. मग एकानं विचारलं, “ती त्याला जेवायला का वाढते?” शेंकमान म्हणाला, “भूक लागली होती त्याला.” हे त्यानं असं सांगितलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. पोल्यानं भावावर थुंकावं, निदान दार लावून घ्यावं, तेवढा एक प्रसंग बदला, असं सांगितलं. शेंकमाननं बदलला नाही. सिनेमा फळीवर गेला, आणि डिसेंबरमध्ये स्टुडिओत सभा भरली. त्या सभेत रिम्मा नव्हती, ती प्रसूतीगृहात होती. नवऱ्यांना आत सोडत नसत. ते सगळे खाली अंगणात उभे राहून, माना वर करून खिडक्यांकडं ओरडायचे. कुणाचं नाक कुणावर गेलंय, किती वजन, कुणी काय आणलंय. त्या संध्याकाळी रोदिओनही आला. टोपी नव्हती, कोटाची बटणं उघडी. “रिमुल्या! दोन खोल्या!” तो खालून ओरडला आणि दोन बोटं दाखवली. “दोन! स्वतंत्र! स्वयंपाकघर आपलं एकट्याचं!” खोलीतल्या बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. रिम्मानं तास्याला उचलून काचेपाशी धरलं आणि तीही हसली, किती हसली! आठवड्यानं घरी आल्यावर स्टुडिओच्या कँटीनमधल्या बाईनं तिला ओळख दिली नाही, आणि मग हळूहळू कानावर आलं. रोदिओन सभेत उठला होता. खिशात हात घालून म्हणाला होता की दिग्दर्शकानं मला अंधारात ठेवलं, असल्या माणसाची प्रेक्षकाला दया यावी हे मला कधीच मान्य नव्हतं. शेंकमान तिसऱ्या रांगेत बसला होता म्हणे. तो फक्त खोकला. दोन खोल्या त्या बोलण्यापायी मिळाल्या होत्या.

त्या दोन खोल्यांतच ती अजून राहते. स्वयंपाकघर आपलं एकट्याचं. तिथं तिनं नऊ वर्षं त्याला जेवायला वाढलं, आणि एकदाही विचारलं नाही.

“अगं, आलीस होय,” दारातून शेंकमान म्हणाला. तिनं त्याला लगेच ओळखलं नाही. डोकं पार पांढरं, पाठ वाकलेली, हातात कागदात गुंडाळलेली कटलेट. एवढी वर्षं तो गायींचं दूध यंत्रानं कसं काढावं, कारखान्यात बोटं कशी सांभाळावीत, असले शिकवणीचे सिनेमे काढत होता, आणि तेही मिळाले तर. “नेल्ली, अगं तो फेरा कशाला फिरवतेयस फुकट? फिल्म झिजते. रिम्मा, जेवलीस का? कटलेट आहे. पाव जास्त, मांस कमी, पण गरम आहे.”

“वेनियामिन अब्रामिच, रोद्याचा आवाज का काढताय?”

तो तिच्यापासून एक खुर्ची सोडून बसला. कागद उलगडला, परत गुंडाळला. “तुला कळलं नसेल असं कसं म्हणू? कळलंय.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“मग ऐक. माझा सिनेमा त्याच्या तोंडून बोलायला नकोय मला. तोंड ठेवतो, काय करणार, तोंडाशिवाय सिनेमा नाही. आवाज माझ्या हातात आहे. एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे, रिम्मा. बायको गेली, फुप्फुसं गेली, बाकी सगळं लोकांच्या हातात होतं.” तो चिडला नव्हता. हेच वाईट होतं. “तुझ्यावर राग नाही माझा. तू तेव्हा तिथं नव्हतीस.”

रिम्माला वाटलं होतं, आपण भांडू. ट्राममध्ये येताना जर हे कळलं असतं तर तिनं भांडायची वाक्यंसुद्धा जुळवली असती. पण या माणसाला काय सांगायचं? विसरून जा म्हणून? याच खोलीत पस्तिशीतला शेंकमान हात हलवत नाचला होता, आणि हा त्याचा उरलेला भाग होता.

“एक विचारू?” शेंकमान पडद्याकडं बघत म्हणाला. पडदा आता रिकामा होता. “त्यानं कधी माझं नाव काढलं? नंतर?”

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. रोज, वेनियामिन अब्रामिच. रोज रात्री. शेवटी शेवटी तर झोपेतसुद्धा. ती नटी होती, एक अश्रूही वेळेवर आणता आला असता, आणि मग हा म्हातारा विरघळला असता हे तिला स्वच्छ दिसत होतं. आवाज राहिला असता. फार तर काय, एक खोटं. ज्याच्यासाठी बोलायचं तो तर जमिनीखाली आहे. तिनं श्वास घेतलासुद्धा.

“नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

“एकदाही नाही?”

“तुमचं नाव कुणी काढलं की तो उठून चहा ठेवायचा. एकदा पाहुण्यांसमोर तीन वेळा ठेवला.”

शेंकमान हसला की खोकला, ते समजलं नाही. “खोटं बोलायचंस की गं. मी विश्वास ठेवला असता.”

“माहितीय.”

“मग?”

“मग काय! तुम्ही त्याच्या जागी कोण आणून ठेवलाय ते ऐकलंत का नीट?” आता मात्र तिचा आवाज चढला, आणि तिला स्वतःलाच बरं वाटलं. “तो मॉस्कोवाला! त्यानं कुणाला दाखवून दिलं असेल यावर माझा तर विश्वास बसत नाही. तो जन्मात कधी कुणाला भ्यालेलाच नाही. ‘आत येऊ?’ म्हणतो, आणि वाटतं, हा आता पुष्पगुच्छ घेऊन आत येणार. रोद्याच्या आवाजात भीती होती. तुम्ही नव्हती शिकवली ती. नव्हतीच. तुम्हाला ती मिळाली, आयती, त्याची स्वतःची. आणि तुम्ही खूश होतात तिच्यावर, आठवतंय मला! तीच भीती मग सभेत उठून उभी राहिली. सिनेमासाठी चालली तुम्हाला, मग बाहेर आल्यावर दचकलात का? भित्रा होता तो. माझा नवरा भित्रा होता. घ्या, बोलले मी. पण येगोर दुसऱ्या कुणाला जमणार नाही, जमलाच नाही, आणि तुम्हालासुद्धा हे कळतंय, उगीच कटलेटशी चाळा करू नका.”

 शेंकमाननं कटलेटचा पुडा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, रुमालानं बोटं पुसली, बराच वेळ पुसत राहिला.

“नेल्ली,” तो म्हणाला, “जुनी पट्टी लाव. तोच फेरा.”

अंधार झाला. खरखर आली. रिम्मानं खुर्चीचे हात घट्ट धरले. रोदिओन दारात आला, टोपी काढली, उलटा हात केसांवरून फिरवला, आणि मग खोलीभर तो आवाज आला. तिच्या आठवणीपेक्षा तो पातळ होता. थोडा नाकातला, शेवटाला चिरकणारा. “पोल्या,” तो म्हणाला, आणि आवंढा गिळला, तो गिळलेलाही ऐकू आला. “मी आलोय.” मग कितीतरी वेळ नुसता श्वास. तो श्वास तिच्या मानेवरचा होता. “आत येऊ?” आणि कुठल्यातरी तरण्या बाईनं, जिला अजून काहीच माहीत नव्हतं, सरळ सांगून टाकलं: “दार लाव. हात धू.”

चित्र संपलं, पण पट्टी पुढं चालत राहिली. तेव्हा कुणी ती तिथं कापली नव्हती. “वेन्या,” रोदिओन म्हणाला, आता येगोर नव्हता, रोदिओनच, “पुन्हा घे रे. तोंड कोरडं पडलं माझं, ‘आत येऊ’ नीट नाही आलं.” आणि लांबून, काचेआडून, एक तरुण माणूस ओरडला, “खबरदार! कोरडं पडलं तेच हवंय मला! सोन्यासारखं आलंय, हात लावू नकोस त्याला. आणि बायकोला खुर्ची दे आधी, गाढवा, ती दोन जिवांची आहे!” मग तिघंही हसायला लागले. काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणखी हसणं, आणि पट्टी संपली.

“बंद करू?” नेल्लीनं हळूच विचारलं.

“राहू दे. फिरू दे,” शेंकमान म्हणाला.

पुन्हा दार, पुन्हा टोपी. रिम्माला वाटलं होतं, आवाज ऐकला की रडू फुटेल. चार दिवस ती त्याच तयारीत होती. पण आला तो राग. असा आला की कानशिलं तापली. नऊ वर्षं, मेल्या, नऊ वर्षं माझ्यासमोर बसून बटाटे खाल्लेस, आणि एक अक्षर बोलला नाहीस! मी विचारलं नाही म्हणून सुटलास तू. मला वाटायचं, विचारलं तर मोडशील; आणि तुला वाटायचं, मला काही वाटतच नाही. खालून दोन बोटं दाखवलीस आणि मी हसले, सगळ्या बायकांसमोर हसले, ते हसू अजून माझ्या अंगावर आहे. ते सगळं माझ्याकडं टाकून बसस्टॉपवर मरून गेलास आणि आता मी इथं येऊन तुझ्यासाठी भीक मागायची! आवाज परत परत येत होता, तिचा लाडका, हरवलेला आवाज, आणि दर फेऱ्याला तिला तो जास्त ओळखीचा वाटत होता आणि जास्त राग येत होता. आणि त्यातसुद्धा तो थांबू नये असंच वाटत होतं. कधीतरी केव्हा गाल ओले झाले ते तिला कळलं नाही.

शेंकमाननं हात वर केला. फेरा थांबला, दिवे लागले. तो उठला, आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

“मॉस्कोला फोन कर,” तो नेल्लीला म्हणाला. “म्हणावं, आवाज उत्तम आहे. फार उत्तम आहे, म्हणून नकोय.”

“आणि मी?” रिम्मानं विचारलं.

“तुझं काय? तुझं झालं. तेव्हाच झालंय.” तो कोट शोधत होता, कोट त्याच्या अंगातच होता. “पण नीट ऐक हं, रिम्मा. मी माफ केलेलं नाही त्याला.”

“कुणी मागितलीय?”

“नाही, सांगून ठेवतो. नाहीतर तू उद्या जगभर सांगत सुटशील.” तो दारापर्यंत गेला आणि दारातच घुटमळला. “कुठं ठेवलाय त्याला?”

“सेराफिमोव्स्कोयेच्या दफनभूमीत. आत, अगदी भिंतीपाशी. पण आता तिथं गुडघाभर बर्फ आहे, मी एप्रिलशिवाय जात नाही.”

“मला एप्रिलपर्यंत थांबायचं नाही. रविवारी जातो. मला त्याला सुनवायचंय, तोंडावर. त्या सभेत मी नुसता खोकलो, रिम्मा. सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस. मोठं मन कसलं? मला शब्द सापडले नाहीत. मग सापडायला लागले, रोज एक, इतकी वर्षं. माझ्याजवळ आता पुष्कळ झालेत.”

रिम्मा उठली. स्वेटर खाली ओढला, बाहीनं डोळे पुसले.

“मीही येते,” ती म्हणाली. “पण आधी मी बोलणार. तुम्ही नंतर.”